आडव्या बागेची अकरा चित्रं

"बाग झोपली," दादा फोनवर एवढंच म्हणाला. मे महिना संपत आला होता, संध्याकाळचे सात वाजले होते. जळगावात आमच्याकडे नुसती धूळ उडाली आणि चार थेंब पडले. तिकडे रावेर तालुक्यात, आमच्या गावशिवारात, वीस मिनिटांत सगळं झालं होतं. केळीची साडेतीन एकर मृगबाग, म्हणजे मृगाच्या पावसावर लावलेली, सहा हजारांच्या आसपास खोडं. कटाईला पंधरा दिवस राहिले होते, व्यापारी येऊन माल बघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघाले. भुसावळ सोडल्यावर सावद्यापर्यंत खिडकीतून एकेक बाग दिसत होती. काही उभ्या, काही पार आडव्या. वारं पट्ट्यापट्ट्यानं गेलेलं. बसमध्ये कुणी फारसं बोलत नव्हतं. माझ्या खांद्याला नेहमीची पिशवी होती. तिच्यात रंगांचा डबा, तीन ब्रश, तीनशे जीएसएमचे जाड, कापलेले कागद. मी निसर्गचित्रं करते, वीस वर्षं तेच करते आहे, त्यामुळे घराबाहेर पडताना ती पिशवी आपोआप खांद्याला येते. त्या दिवशी मात्र तिची लाज वाटली. मळ्यात पोचल्यावर ती खाटेखाली सरकवली आणि दोन दिवस तिला हात लावला नाही.

आप्पा ओट्यावर बसून होते. माय चहा करायची, तो तसाच निवायचा. तलाठी आले, पंचनामा झाला, फोटो काढले गेले. पुढे विम्याचं काय झालं ते इथे सांगत बसत नाही. पैसे उशिरा आले आणि कमी आले, एवढं पुरे.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी पिशवी काढली. चित्र काढायचं म्हणून नाही खरं तर. घरात बसवत नव्हतं, आणि हाताला दुसरं काही येत नाही.

विहिरीच्या कठड्यावर बसून पाहिलं, तर माझी सगळी तयारी चुकीची ठरली. मनात मी आधीच बर्न्ट सिएना, अंबर, काळपट राखाडी असे रंग घोळवून ठेवले होते. नुकसान म्हटलं की आमच्या हाताला हेच रंग येतात. समोर सगळं हिरवंगार होतं. केळीचं खोड म्हणजे जवळजवळ पाणीच. ते आडवं पडलं तरी त्याच्या अंगातलं पाणी आठवडाभर पानांना पुरतं. तिसऱ्या दिवशी ती बाग रंगानं अगदी ताजी होती, पावसात धुतल्यासारखी. मोडलेलं दिसत होतं ते फक्त रेषेत. केळीची बाग म्हणजे एकामागे एक उभ्या रेघा, आणि आता एकही उभी रेघ नव्हती. सगळी खोडं एकाच दिशेला, वायव्येकडून आग्नेयेकडे, कुणी कंगवा फिरवावा तशी पडलेली. आणि त्यांच्या वर, क्षितिजावर, आणखी एक आडवी निळी रेघ होती सातपुड्याची.

हा सातपुडा तिथून एरवी दिसत नाही. बाग उभी असली की विहिरीपासून वीस फुटांपलीकडे काही दिसायचं कारणच नसतं. माय पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "किती दिवस झाले, इथून डोंगर नही पाह्यला मी." मग तोंडाला पदर लावून परत गेली. ते वाक्य तेव्हा मला नुसतं ऐकू आलं. त्यात काय होतं ते कळायला वर्ष गेलं.

पहिलं चित्र बिघडलं. बिघडण्याची कारणं सांगते, कारण ती माझ्या धंद्यातली आहेत आणि नव्याने ऑनस्पॉट, म्हणजे जागेवर बसून, चित्र करणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील.

आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. सकाळी आठनंतर जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, कागदावर पसरेपर्यंत मागची कड सुकलेली असते. आकाशाचा सलग ग्रेडेड वॉश म्हणून टाकलेल्या रंगात तीन ठिकाणी कडक रेघा उठतात. त्यामुळे काम पावणेसहाला सुरू आणि साडेआठला बंद. कागद आधी दोन्ही बाजूंनी पूर्ण भिजवायचा, आणि फळीवर ओला पंचा पसरून त्याच्यावर ठेवायचा. खालून ओल मिळत राहते. पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन टाकलं तर आणखी थोडा वेळ मिळतो, पण दोनाचे चार झाले की रंग चिकट राहतो आणि त्याच्यावर धूळ बसते. हे मी अनेक उन्हाळे वाया घालवून शिकले आहे.

त्या पहिल्या सकाळी हे सगळं नीट पाळलं होतं. चूक वेगळीच झाली. मी सगळा कागद रंगवून टाकला. एक इंचही सोडला नाही. मनात जे भरलं होतं ते सगळं उतरवायचं होतं, त्यामुळे हात थांबलाच नाही. पूर्ण झालं तेव्हा ते चित्र कोंदट, गुदमरलेलं दिसत होतं. आणि ते खोटंही होतं, कारण समोरची जागा तशी नव्हती. समोर उजेड होता, भरपूर. उभ्या बागेत कधी जमिनीपर्यंत न पोचणारं ऊन आता सगळीकडे सांडलं होतं. शिवाय केळीच्या पानाची खालची बाजू फिकी असते, तिच्यावर पांढुरकी भुकटी असते. पडताना हजारो पानं उलटी झाली होती, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ती चांदीसारखी दिसत होती.

जलरंगात उजेड नंतर आणता येत नाही. तेलरंगात, अ‍ॅक्रिलिकमध्ये शेवटी पांढरा ठिपका ठेवता येतो. जलरंगात कागदाचा पांढरा हाच उजेड, आणि तो पहिल्या फटकाऱ्याच्या आधी राखून ठेवावा लागतो. ब्लेडनं खरवडून थोडं मिळतं, पांढरा पोस्टर कलर लावूनही मिळतं, पण ते चुना फासल्यासारखं दिसतं, आतून उजळत नाही. म्हणजे रंगात ब्रश बुडवायच्या आधी ठरवावं लागतं की इथे, इथे आणि इथे मी काही करणार नाही. विद्यार्थ्यांना हे मी दर वर्षी शिकवते. पण त्या सकाळी माझ्याच्यानं ते झालं नाही. राखून ठेवण्यासारखं समोर काही आहे, हे मानायची माझी तयारी नव्हती.

दुसरा कागद दोन दिवसांनी घेतला. पेन्सिलनं आधी फक्त उलटलेल्या पानांचे आकार आखले. तेवढी जागा कोरी, आणि बाकी सगळं तिच्याभोवती. तीन तासांनी चित्र ठीक झालं. चांगलं म्हणवत नाही, पण त्यात श्वास होता.

मग बाग सडायला लागली. आठव्या-दहाव्या दिवशी हिरवं पिवळं झालं, पिवळं तपकिरी, आणि वास सुटला. उन्हात पडलेले घड काळे पडले. आता माझे ते ठेवणीतले रंग चालले असते, पण मला ते वापरायची इच्छा राहिली नव्हती.

त्याच सुमारास एका सकाळी आप्पा उठले, कोयता घेतला आणि बागेत शिरले. मीही मागोमाग गेले. ते एकेका खोडाशी वाकत, पायानं बुंधा हलवून बघत, पुढे जात. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका ठिकाणी थांबून म्हणाले, "मोडली ते बरी. उपटली ते गेली."

हे मला माहीत असायला हवं होतं, शेतकऱ्याची मुलगी आहे. केळीचं खरं खोड जमिनीखाली असतं, तो कंद. वर दिसतं ते पानांच्या देठांनी एकमेकांना गुंडाळून केलेलं. वाऱ्यानं झाड मधून मोडलं तर कंद जागेवर राहतो, मुळं शाबूत राहतात. कंदासकट उपटून पडलं तर संपलं. आणि कंदाला पिलं असतात. बाग उभी असताना ती सतत कापावी लागतात, नाहीतर मुख्य झाडाचं खातात. कटाई जवळ आली की प्रत्येक बुंध्याशी एक ठेवायचं, त्याची पुढे पिलबाग होते. आमच्याकडे ती ठेवून झाली होती. गुडघ्याएवढी पिलं पडलेल्या पानांच्या खाली दबून होती आणि गेल्या दहा दिवसांत त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

आप्पांनी पानं बाजूला केली. तलवारीसारख्या अरुंद पानांचं पिल्लू, खाली जाड, वर निमुळतं. रुंद पानांचं असेल तर ते दिसायला छान, पण कामाचं नाही, ते कापायचं. अरुंद पानाचं ठेवायचं. पानांवर मरून रंगाचे डाग, मधला पोंगा अजून गुंडाळलेला. आप्पांनी मोडलेलं खोड पिल्लावर सावली पडू नये म्हणून कमरेएवढ्या उंचीवर कापलं आणि पुढे गेले.

मी तिथेच बसले. ते झाड मागे राहिलेलं, अजून कमळ न पडलेलं होतं. कापलेल्या खोडाचा आडवा छेद समोर होता. गोल गोल पापुद्रे, प्रत्येकात जाळीसारख्या खिडक्या, आणि मधोमध पांढराशुभ्र गाभा. सात वाजता मी त्याचं पेन्सिल रेखाटन सुरू केलं. तासाभरानं मान वर करून माप घेतलं तर जुळेना. वाटलं, माझंच माप चुकलं. खोडून पुन्हा काढलं. साडेदहाला पुन्हा चुकलं. तेव्हा लक्षात आलं की गाभा वर येतो आहे. बाहेरचे पापुद्रे जिथे कापले तिथेच होते, आणि मधला कोंब त्यांच्यातून बोटभर वर सरकला होता. वरचं सगळं गेलं आहे हे त्या खालच्या कंदाला कळलेलंच नव्हतं. माझ्या कागदावर एकाच खोडाची तीन टोकं होती, तीन वेळांची. ती मी खोडली नाहीत. ते रेखाटन माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे.

त्याच कागदावर चिकाचे थेंब पडले होते. केळीचा चीक पडताना पाण्यासारखा असतो, मी पुसलाही नाही. दुसऱ्या दिवशी तिथे गडद तपकिरी डाग होते. केळीत काम करणाऱ्या माणसांचे कपडे ज्यानं कायमचे डागाळतात तोच हा डाग. मायच्या सगळ्या जुन्या लुगड्यांवर तो आहे. मग मी बोरू करून घेतला आणि पुढच्या चित्रांत खोडांच्या रेषा चिकानंच काढल्या. काढताना रेघ दिसत नाही, अंदाजानं हात चालवावा लागतो. दिवसभरानं ती हळूहळू उगवते. कुठे जाड, कुठे तुटक. दुकानातल्या कुठल्याही शाईला तो रंग मला मिळाला नाही.

दादाचं म्हणणं होतं, सगळं साफ करून सोयाबीन टाकू. आप्पांनी मोजणी केली. निम्म्याहून जास्त बुंधे मोडलेले होते, उपटलेले नव्हते. उपटलेल्या जागी नवे कंद लावून नांगे भरायचे ठरले. पिलबाग ठेवायची.

आणि मी ठरवलं की त्याच कठड्यावर बसून, त्याच मापाच्या कागदावर, ही जागा वर्षभर काढायची. एकच जागा पुन्हा पुन्हा काढण्यात नवीन काही नाही. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि त्या तळ्याला पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. आमच्या खानदेशात, चाळीसगावला केकी मूस (१९१२–१९८९) यांनी तर आयुष्याचा मोठा काळ आपल्या बंगल्याबाहेर पाऊलच टाकलं नाही. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यांनी निसर्गदृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. डिप्लोमाला असताना आमची सहल तिथे गेली होती. घरात बसलेला माणूस एवढं मोठं आकाश कुठून आणतो, या प्रश्नानं मी तेव्हा फार अस्वस्थ झाले होते. माझ्यात ती ताकद नाही. मला समोर जागा लागते, ऊन अंगावर लागतं.

जुलैपासून अडचण उलटी झाली. आता कागद सुकेना. हवेत इतकी ओल की वॉश तासभर तसाच वाहत राहायचा आणि दुसरा थर टाकला की खालचा उकलायचा. त्या दिवसांतली दोन चित्रं एकेका थरातच ठेवली. तापीला पूर आला, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, नदीचा रंग काळ्या मातीत दूध घातल्यासारखा झाला. त्या गाळाचा रंग करून बघितला. पाण्यात ढवळून, वरचं बारीक तेवढं फडक्यातून गाळून, वाळवून, डिंकाच्या पाण्यात काचेवर घोटला. पातळ लावला तर सुंदर, जरा जाड लावला की सुकताना त्याला भेगा पडायच्या, शेताला पडतात तशाच. मी तो पातळच वापरला, फक्त जमिनीसाठी.

याच काळात एका प्रदर्शनाच्या आयोजकांनी चित्रं मागवली होती. विषय होता आशा. मी आडव्या बागेचं दुसरं आणि चौथं चित्र दाखवलं. त्यांना आवडलं, पण म्हणाले, "यात एखादा कोंब नीट पुढे घ्या ना, थोडा उगवता सूर्य, म्हणजे लोकांपर्यंत पोचेल." माणूस सज्जन होता, त्याला वाईट म्हणणार नाही. पण मी नाही म्हटलं आणि चित्रं परत आणली. भेगाळलेल्या जमिनीत मधोमध एक हिरवं रोप, हे चित्र मी इतक्या कॅलेंडरांवर आणि भिंतींवर पाहिलं आहे की मला त्याचा राग येतो. ज्याची बाग गेली त्याला ते चित्र काहीच देत नाही. त्याला सूर्य उगवतो हे माहीत असतं. त्याला हे बघायचं असतं की कितवा बुंधा मोडला आणि कितवा उपटला. चित्रकारानं तेवढं बारीक बघितलं असेल तर तो तुमच्या चित्रासमोर थांबतो.

दिवाळीत पिलं माझ्या खांद्याएवढी झाली. मी सुट्टीत चार दिवस मळ्यातच होते. सातवं चित्र तेव्हाचं. ते काढताना पहिल्यांदा एक गोष्ट डोळ्यात आली. सातपुड्याची निळी रेघ मी नेहमी अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना मिसळून एका झटक्यात ओढते, डावीकडून उजवीकडे. त्या दिवशी ती ओढता येईना, कारण ती सलग उरलीच नव्हती. मध्ये मध्ये पानं आली होती. रेघेचे पाच तुकडे झाले होते. आठव्या चित्रात, डिसेंबरमध्ये, दोन तुकडे राहिले. थंडीत केळी वाढायची थांबते, पानं पिवळट पडतात, आप्पांची तेव्हा काळजी सुरू असते. पहाटे बागेच्या कडेनं काडीकचरा पेटवून धूर करतात. ते धुराचं चित्र मला स्वतःला सगळ्यात आवडतं.

फेब्रुवारीत बाग निसवली. जांभळी कमळं बाहेर पडली, एकेक पात उचलून खाली फण्या दिसायला लागल्या. मार्चमध्ये मी दहावं चित्र काढायला बसले आणि डोंगर कुठेच नव्हता. कठड्यापासून हातभर अंतरावर पानंच पानं. क्षितिज नाही, आकाश नाही, निसर्गचित्राला लागतं ते काहीच नाही. मी तासभर कागद कोरा घेऊन बसले. मग बागेत आत शिरले, दोन ओळींच्या मध्ये पोतं टाकून बसले आणि आत जे होतं ते काढलं. हिरवा काळोख, आणि जमिनीवर उन्हाचे कवडसे. ते कवडसे म्हणजे कोरा कागद. मोजून एकोणीस जागा सोडल्या होत्या.

घरी येऊन दहाही चित्रं ओसरीत भिंतीला ओळीनं टेकवली. माय भाकरी करता करता उठून आली, पीठ भरल्या हातानं. पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत गेली, परत मागे आली. म्हणाली, "डोंगर गेला." मग हसली. मी तिला वर्षभरात पहिल्यांदा तसं हसताना पाहिलं. माझ्या दहा चित्रांत काय चाललं होतं ते तिनं दोन शब्दांत मला सांगितलं. मी उजेड राखत होते, पांढऱ्या जागा मोजत होते, आणि खरी गोष्ट माझ्या नकळत त्या निळ्या रेघेत घडत होती. डोंगर जसजसा झाकला गेला, तसतसं घर उभं राहिलं.

आप्पांनी चित्रं बसून बघितली. तिसऱ्यासमोर जास्त वेळ थांबले. त्यात कापलेली खोडं आहेत, चिकाच्या रेषांची. बोट ठेवून म्हणाले, "हे विहिरीपासून चौथ्या वळीतलं. ह्याचं पिल्लू दोनदा कापलं मी. आता घड लागला त्याले." मी तपासायला गेले नाही. त्यांना ठाऊक असणारच.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी कटाई सुरू झाली. गेल्या वर्षी पडली असती तेवढी रास पडली नाही, पिलबागेची तेवढी पडतही नाही, आणि नांगे भरलेली झाडं अजून लहान होती. भावही मध्यमच मिळाला. पण गाडी भरली. दादानं वायव्येच्या बांधाला या वेळी शेवरीची दाट ओळ लावली आहे, वारं अडवायला. ती आत्ता कमरेएवढी आहे.

अकरावा कागद मी त्या दिवशी पहाटे भिजवून तयार ठेवला होता. मजूर उत्तरेच्या बाजूनं कापत आत येत होते. कोयत्याचा आवाज, घड खांद्यावर घेऊन जाणारी माणसं, जमिनीवर टाकलेली पानं. साडेसातच्या सुमारास शेवटच्या चार ओळींतली पानं उतरली आणि फटीतून निळं दिसलं. हाताच्या बोटाएवढं. माय डोक्यावर पाटी घेऊन जात होती, ती थांबली.

"आला का वं डोंगर?" तिनं विचारलं.

"आला."

"काढ मंग. दुपारपर्यंत सगळा दिसन."

मी ब्रश अल्ट्रामरीनमध्ये बुडवला.